'स्वामी' ऐकली, 'पानिपत' पुन्हा वाचली

उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचन बंद सांगितले. जन्मभर पुस्तकात डोके घालून बसलेल्या बाईला हे सांगणे म्हणजे जेवण बंद करा म्हणण्यासारखेच. दोन दिवस चिडचिड केली. तिसऱ्या दिवशी नात आली, तिने मोबाईलवर 'स्वामी' लावून दिली आणि कानात घालायच्या त्या दोन गुंड्या हातात ठेवल्या. म्हणाली, "आजी, डोळे मीट आणि ऐक. नाहीतरी तू आम्हाला हेच सांगायचीस."

रणजित देसाईंची 'स्वामी' आली १९६२ साली. मी ती पहिल्यांदा वाचली कॉलेजात असताना. वाचनालयातली प्रत इतकी हाताळलेली होती की मधली पाने सुटून कुठेही खोवलेली असत. त्यामुळे माझ्या पहिल्या वाचनात माधवराव एकदा आजारी पडून बरे झाले आणि मग मोहिमेवर गेले! मग १९८७ साली दूरदर्शनवर गजानन जागीरदारांची मालिका आली. तेव्हापासून माधवराव म्हटले की रवींद्र मंकणी आणि रमाबाई म्हटले की मृणाल देव, हे डोक्यात पक्के बसले. आता तिसऱ्यांदा ही कादंबरी भेटली ती नुसत्या आवाजातून, आणि तीसुद्धा अंथरुणावर पडल्यापडल्या. दुपारचा डोळा लागे आणि जाग येईपर्यंत राक्षसभुवनची लढाई होऊन गेलेली असे. मग नातीला बोलावून पुन्हा मागे जायचे.

तसे पाहिले तर ऐकण्यात नवीन काय आहे? आमच्या घरी श्रावणात वडील श्रीधरांचा 'पांडवप्रताप' वाचत. आई आणि शेजारच्या बायका गहू निवडत ऐकत. एकीलाही लिहिता-वाचता येत नव्हते, पण कर्णाचे चाक जमिनीत रुतले की सगळ्यांचे हात थांबत. पोवाडे ऐकायचेच होते, कीर्तन ऐकायचेच. बखरीसुद्धा चार माणसांत वाचून दाखवल्या जात असणार, त्यांची भाषाच तशी आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाडे छापून काढले १८९१ साली. तोवर ते कानांतूनच चालत आले. आपला इतिहास आपण डोळ्यांनी वाचायला लागून फार तर दीडेकशे वर्षे झाली.

पण या वेळी ऐकताना एक गोष्ट जाणवली, आणि ती काही चांगली नव्हती. वाचताना माणूस थांबतो. एखादे वाक्य खटकले की बोट ठेवतो, मागचे पान उलटतो. ऐकताना थांबता येत नाही. थांबता येते म्हणा, ते बटण आहे, पण कोणी दाबत नाही. आवाज पुढे जातो आणि आपण त्याच्यामागे जातो. राघोबादादांचे बोलणे आले की वाचणाऱ्याचा आवाज जरा वेगळा लागतो, आणि आपण लगेच "हा बघा, आला काका" असे म्हणून मोकळे होतो. १७५८ साली ज्यांच्या मोहिमेमुळे 'अटकेपार झेंडे' हा शब्द आपल्याला मिळाला तो हाच माणूस, हे दोन दिवस माझ्याही लक्षात आले नाही. आणि मी चौतीस वर्षे इतिहास शिकवला आहे.

मराठीत ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली ती रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगडा'पासून, १८७१ साली. 'विविधज्ञानविस्तार' मासिकात ती येत असे. त्यातला गडच मुळी काल्पनिक. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'उषःकाल' लिहिली, तिचा नायक नानासाहेब हाही कल्पनेतला. शिवाजीमहाराज आहेत, पण कथा त्या किल्लेदाराच्या मुलाची. म्हणजे त्या लोकांनी एक पथ्य पाळले होते. इतिहासातली मोठी माणसे मागे उभी करायची आणि पुढे आपली बाहुली नाचवायची. त्या बाहुलीच्या मनात काय चालले आहे ते खुशाल लिहा, कोणाचे काही बिघडत नाही.

'स्वामी'ने हे पथ्य मोडले, असे मला वाटते. आधीच्यांनीही थोडेबहुत मोडले असेल, पण एवढ्या जोराने नाही. इथे खुद्द माधवरावच नायक. ते थेऊरला पडल्यापडल्या काय विचार करतात, रमाबाईंच्या डोळ्यांत पाणी केव्हा येते, सगळे आपल्याला दिसते. मग ती वाटच झाली. 'मृत्युंजय'कारांची 'छावा' १९७९ ची, ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ ची. या सगळ्या मी अधाशासारख्या वाचल्या आहेत आणि त्याबद्दल मला मुळीच पश्चात्ताप नाही. रियासतकार सरदेसायांचे खंड किती जणांनी वाचले? आमच्या शिक्षकांच्या खोलीतसुद्धा दोघांनी. 'स्वामी' मात्र शिपायानेही वाचली होती. महाराष्ट्राला पेशवाई माहीत झाली ती कादंबऱ्यांतून, हे कबूल करून टाकलेले बरे. 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची पत्ररूपी प्रस्तावना आहे. कादंबरीकाराने इतिहासाकडे कसे बघावे याचा इतका कसून विचार मी दुसरीकडे वाचलेला नाही. पण प्रस्तावना कोण वाचतो! ऐकणारा तर नाहीच.

असो. 'स्वामी' सुरू होते तीच पानिपताच्या सावलीत. १४ जानेवारी १७६१ ला लढाई, जूनमध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले, आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर सगळे आले. ऐकून संपली तोवर डोळा सुधारला होता. म्हणून कपाटातून विश्वास पाटलांची 'पानिपत' काढली. १९८८ ची पहिली आवृत्ती नव्हे, नंतरची. पण मी शाळेत वापरलेली तीच प्रत. समासात माझ्याच पेन्सिलीच्या खुणा.

कादंबरी म्हणून ती आजही पकड घेते. भाऊसाहेबांबद्दल आपल्याकडे जो एक आकस होता, हट्टी, गर्विष्ठ, कोणाचे न ऐकणारा, तो या कादंबरीने बराच धुऊन काढला. अडीच महिने पानिपतावर अडकून पडलेली ती छावणी, थंडी, उपास, मेलेली जनावरे, हे सगळे वाचताना आजही अंगावर येते. मी ती पाने वर्गात मोठ्याने वाचून दाखवीत असे. पाठ्यपुस्तकात पानिपताला जेमतेम दीड पान. माझा तास त्यावर तीन दिवस चाले.

आणि तिथेच एका पानावर मला ती खूण दिसली. मल्हाररावांच्या नावाखाली दोन रेघा.

सांगते. १९९१ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी शिकवीत होते. वर्गात एक धनगराचा मुलगा होता, पहिल्या बाकावर बसायचा. अभ्यासात बेताचा, पण इतिहासाच्या तासाला डोळे मोठे करून ऐकायचा. त्याच्या घरी मल्हाररावांची आणि अहिल्याबाईंची तसबीर होती, हे मला नंतर कळले. पानिपताचा तिसरा दिवस. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, हे सगळे रंगवून सांगितले. आणि मग म्हणाले, "आणि मल्हारराव काय केला? मल्हारराव पळाला!" हात असा उडवून म्हणाले. सगळा वर्ग हसला. हसता हसता पाचसहा माना त्या पोराकडे वळल्या. पुढे महिनाभर मैदानात त्याला 'पळपुटा' म्हणत होते. मला ऐकू येत होते. मुलेच आहेत, विसरतील, म्हणून सोडून दिले. तो मागच्या बाकावर जाऊन बसला तेही पाहिले. उंची वाढली असेल म्हटले.

हे मी विसरले होते असे नाही, पण आठवतही नव्हते. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला आणि त्यातल्या चित्रणावर शिर्के घराण्यातल्या लोकांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. तेव्हा मी पेपर वाचून म्हणाले होते, "तीनशे वर्षांपूर्वीचे काय धरून बसायचे!" आता ती पेन्सिलीची रेघ बघून जरा वेळ गप्प बसले.

मग जे तेव्हा करायला हवे होते ते आता केले. शेजवलकर काढले, रियासत काढली, वाचनालयातून 'भाऊसाहेबांची बखर' आणवली. डॉक्टरांनी रोज एक तासाचीच परवानगी दिली होती, ती मी पाळली नाही.

मल्हाररावांवर आरोप तसे दोन. पहिला नजीबखानाचा. नजीब तावडीत सापडला होता, त्याला मल्हाररावांनी वाचवले, मानलेला मुलगा म्हणून पाठीशी घातले, आणि त्याच नजीबाने अब्दालीला बोलावले. यात तथ्य आहे आणि ती चूक मोठी होती, हे त्यांचा कैवार घेणाऱ्यालाही मान्य करावे लागेल. पण यासंबंधीचे झणझणीत संवाद आपल्या सगळ्यांना पाठ आहेत ते बखरीतले. बखरकार शिंद्यांच्या बाजूला झुकलेला आहे असे वाचताना सारखे वाटते. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात याच काळातली अस्सल पत्रे आहेत. आणि प्रस्तावनेत बखरींची चुकांसकट झाडाझडती घेतली आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच कोणीतरी सांगून ठेवले होते, बखर जपून वापरा. मी बी.ए.ला हे नाव पाठ केले होते, सालासकट. खंड उघडला नव्हता.

दुसरा आरोप पळून जाण्याचा. आता गंमत बघा. मल्हारराव त्या दिवशी सदुसष्ट वर्षांचे होते. अवजड तोफा आणि बायकामुले मागे ठेवा, हलके होऊन गनिमी काव्याने लढा, हा सल्ला त्यांनी आणि सूरजमल जाटाने आधीच दिला होता. भाऊंचा भरवसा इब्राहीमखान गारद्याच्या तोफखान्यावर होता, तेव्हा गोलाची लढाई ठरली. तो गोल फुटला तो डावीकडे, विंचूरकर आणि गायकवाड यांच्या तुकड्या पुढे धावल्या तेव्हा, असे सांगतात. होळकर होते उजवीकडे. आणि शेवटी काय झाले? ग्रँट डफचे पुस्तक १८२६ चे, आपल्याला काही तो फार जवळचा नाही. पण त्यात असे आहे की विश्वासराव पडल्यावर भाऊंनी होळकरांना निरोप पाठवला, आधी सांगून ठेवले आहे तसे करा. आणि भाऊ घोड्यावर बसून गर्दीत दिसेनासे झाले. निरोप खरा की खोटा याची खात्री तोही देत नाही. पण त्यानंतर होळकर निघाले आणि त्यांच्यामागे गायकवाडही. लढाई फिरली तर बायकांना घेऊन निघा, असे भाऊंनीच सांगितले होते, अशीही एक परंपरा आहे. पार्वतीबाई सुखरूप परत आल्या एवढे खरे. त्याचे श्रेय कोणाला किती, यावर भांडण आहे.

म्हणजे तो निरोप गेला असेल तर माणूस हुकूम पाळत होता. गेला नसेल तर बुडत्या लढाईतून आपली फौज काढून घेत होता. तिसरे म्हणजे नजीबाशी आतून काही असेल म्हणून गेला, असा संशय त्या काळीही घेतला गेला. या तिन्हींतले कुठले खरे हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण १९९१ साली मी एका शब्दात सांगून मोकळी झाले होते.

आता तो शब्दच बघा. नाना फडणीस त्या दिवशी पानिपतावर होते. एकोणीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. ते तिथून निघाले, उपाशीतापाशी, पायी. आईची पुन्हा भेट झाली नाही. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. वर्गात मी काय म्हणत असे? "नाना बचावले." महादजी शिंदे पायाला जखम होऊन रणातून बाहेर पडले, राणेखान भिस्त्याने त्यांना नेले. "महादजींना वाचवले." गायकवाड, विंचूरकर परत आले. "परतले." आणि मल्हारराव? "पळाला." सगळे निघाले एकाच मैदानावरून, एकाच संध्याकाळी. नानांना अनेकवचन, महादजींना अनेकवचन आणि सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला एकवचन. हे मी कुठल्या पुस्तकातून घेतले ते शोधत बसले, तर तसे नेमके वाक्य मला कुठेच सापडले नाही. आमच्या शाळेतल्या गुरुजींच्या तोंडून ऐकले असणार. त्यांनी कोणाच्या तरी तोंडून.

आणि हाच माणूस त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मांगरोळला जयपूरच्या माधोसिंगाच्या फौजेशी लढला आणि जिंकला. पानिपतानंतर मराठे संपले असे जिथेतिथे बोलले जात असताना राजपुतान्यात पुन्हा पाय रोवला तो याने. ही लढाई मी कधी शिकवली नाही. कादंबऱ्यांत तिला जागा नाही, कारण नायक तोवर मेलेला असतो.

जाता जाता आणखी एक कबुली. "ऐन संक्रांतीच्या दिवशी घात झाला" असे मी दर वर्षी सांगत असे. हल्ली संक्रांत १४-१५ जानेवारीला येते म्हणून. पण संक्रांतीची तारीख सुमारे सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १७६१ साली ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. हे मला भूगोलाच्या सरांनी निवृत्तीच्या समारंभात सांगितले, चहा पिताना. तीस वर्षे शेजारी बसत होते, तेव्हा बोलले नाहीत.

तो मुलगा मला एकदा भेटला होता. दहाएक वर्षे झाली, पंढरपूरच्या एसटी स्टँडवर. मी ओळखले नाही, त्यानेच ओळखले. आता चाळिशी गाठलेला, स्वतःची गाडी, द्राक्षाची बाग. वाकून नमस्कार केला, उसाचा रस पाजला. म्हणाला, "बाई, तुम्ही पानिपत काय सांगायच्या! अजून कानात आहे." मी खूश होऊन घरी आले आणि घरात चारचौघांना सांगितले, बघा, मुले विसरत नाहीत.

गेल्या रविवारी नातवाचा फोन आला, पुण्याहून. त्याला परीक्षेला मराठ्यांचा इतिहास आहे. "आजी, पानिपत सांग ना, गोष्टीसारखं." अब्दाली आला, यमुना ओलांडली, छावणी, उपास, सकाळची तोफ, गारदी, सगळे सांगितले. दुपार झाली. विश्वासराव पडले. भाऊ घोड्यावर बसले. आणि मी अडखळले.

"मग मल्हारराव?"

"मल्हारराव निघाले."

"निघाले म्हणजे? पळाले?"

"निघाले. आपली फौज घेऊन."

"पण का?"

मग मी त्याला तो निरोप सांगितला, नजीबाचे सांगितले, परंपरा सांगितली, कोण काय म्हणतो ते एकेक सांगत गेले. पलीकडून बराच वेळ हुं नाही की चूं नाही. मला वाटले, पोरगा विचारात पडला.

"आजी," तो म्हणाला, "भाऊ उतरल्यावर त्यांच्या हत्तीचं काय झालं?"